कॅसेटवरचा हात

आमच्या कॉलनीत टीव्ही गेम खेळायला दोन माणसं लागायची. एक खेळणारा आणि एक कॅसेट धरणारा. बाहेरगावच्या कुणाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे. त्याच्या घराशेजारी रोज दुपारी सुरुंग उडत नव्हते.

माजरीला आमच्या क्वार्टरपासून कोळशाची खुली खाण जवळच होती. दुपारी भोंगा वाजायचा, मग ब्लास्टिंग व्हायचं, आणि फळीवरचे डबे एकमेकांवर आपटायचे. माणसांना त्याची सवय होती. टीव्ही गेमला नव्हती. सेटच्या खाचेत कॅसेट आधीच ढिली. हादरा बसला की ती हलायची, पडद्यावर रंगीत चौकोन यायचे आणि गेम पुन्हा पहिल्यापासून. मध्येच थांबवून ठेवला तरी तेच. म्हणून भोंगा झाला की धरणाऱ्यानं कॅसेटवर तळहात दाबून बसायचं आणि हादरा ओसरेपर्यंत उचलायचा नाही, अशी आमच्याकडची पद्धत होती.

आमच्या घरी खेळणारा माझा दादा. धरणारी कोण, ते वेगळं सांगायला नको. मी धाकटी, त्यातून मुलगी. मी कटकट करायची, "मले पण दे ना रिमोट एकडाव." दादा पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा, "तुह्या हाताखाली गेम टिकतो, दुसऱ्या कोणाच्या नाई टिकत." असं लोणी लावलं की मी फुगायची आणि पुन्हा हात ठेवून बसायची. आता आठवलं की माझाच मला राग येतो.

गेमची खरी नावं आम्हांला माहीत नव्हती. कॅसेटवर चित्र एक असायचं आणि आत गेम भलताच निघायचा. मग आम्हीच नावं ठेवली. विटावाला, बर्फवाला आणि वेलीवाला. तिन्हींत एक बारकासा माणूस पळायचा, खड्ड्यांवरून उड्या मारायचा, आणि खड्ड्यात पडला की मेला. विटावाल्यात उडी घेतल्यावर हवेत असतानाही त्याला मागं वळवता यायचं. बर्फवाल्यात उडी सोपी, पण टेकल्यावर पाय घसरायचा. वेलीवाला सगळ्यांत खडूस. त्यात एकदा उडी घेतली की घेतली, मग वर बटणं कितीही दाबा. हे सगळं मला नुसतं बघून पाठ झालं होतं. कुठल्या खड्ड्याला कधी बटण दाबायचं हे दादाच्या खांद्यावरूनही कळायचं मला, कारण उडीच्या आधी त्याचा उजवा खांदा जरासा वर जायचा.

मग आम्ही मोठे झालो. दादा खाणीत इलेक्ट्रिशियन म्हणून लागला, मी एसटीत कंडक्टर झाले. दिवसभर गर्दीशी तोंड चालवून माझं तोंड आणखी तिखट झालं, असं वहिनी म्हणते. खोटं नाही म्हणत.

गेल्या वर्षी धानाच्या हंगामात दादा सासुरवाडीला, सावली गावी गेला होता. मळणीला माणूस कमी म्हणून मदतीला उभा राहिला, आणि यंत्रात त्याचा उजवा हात गेला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलं, बाकीची तीन गेली. जखम भरली, डॉक्टरांनी हात चालवायला सांगितला, पण दादानं तो हात दुपट्ट्यात गुंडाळला तो गुंडाळलाच. जेवण डाव्या हातानं. कुणी आलं की आतल्या खोलीत. लग्नाला नाही, विहारात नाही, कोपऱ्यावरच्या पानठेल्यावरसुद्धा नाही. ज्या माणसाला कॉलनीभर लोक फ्यूज बसवायला हाक मारायचे, तो दाराची कडी लावून बसायला लागला.

खाणीच्या ऑफिसातून निरोप आला होता की वायरिंगचं काम नको, भांडारात बसून करायचं काम देतो, येत्या सोमवारी येऊन हो म्हणा. दादा ऐकायलाच तयार नाही.

"भांडारात काऊन नाई जात?" मी विचारलं.

"तिथी दिवसभर सामान द्या लागते. ज्याले देईन तो हाताकडे पाह्यते."

"मग पाहू दे ना. त्याच्या बापाचं काय जाते?"

"तुले समजत नाई," म्हणाला आणि उठून आत गेला. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरलेले होते. मला तर भीतीच वाटली. दादानं सोमवारी नाही म्हटलं असतं तर तो त्या खोलीतून परत बाहेर आला नसता, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं.

कॉलनीतल्या आमच्या जुन्या मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यातल्या एकाचं घुग्घुसला टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचे अब्बा माजरीला रेडिओ दुरुस्त करायचे, तेव्हापासूनची ओळख. त्यानं भंगारातून, ओळखीपाळखीतून जुने सेट आणि कॅसेटी जमवल्या आहेत. सुट्ट्या जुळल्या की चार-सहा जण दुकानाच्या मागच्या खोलीत जमतात, जुने गेम खेळतात आणि कुठला चांगला यावर भांडतात. चाळिशी ओलांडलेली माणसं, पोटं सुटलेली, आणि बोलणं काय तर बर्फवाल्याचा तिसरा राउंड. मी एकदा जाऊन आले होते. रविवारी पुन्हा जमणार होते. सोमवारचा आदला दिवस.

"मले तिथं सोडून दे, एकटीनं जायचं नाई," असं खोटंच सांगून मी दादाला स्कूटीवर मागं बसवलं. सोडून देणार तो कसा, गाडी तर मीच चालवत होते. त्यालाही ते कळलं असणार. पण नाही म्हणायला त्याला जिवावर आलं असावं, किंवा नाही म्हटल्यावर मी किती वेळ बोलत राहीन हे त्याला माहीत होतं. रस्ताभर कोळशाचे ट्रक, धूळ डोळ्यांत. तो डाव्या हातानं मागची दांडी धरून बसला होता आणि उजवा दुपट्ट्यात पोटाशी.

दुकानात तर्री-पोहे आले होते आणि गप्पांना ऊत आला होता. गडचिरोलीकडे शाळेत मास्तर असलेला एक जण लॅपटॉप घेऊन आला होता. त्यात म्हणे सगळे जुने गेम आहेत, कॅसेटची भानगडच नाही, हवं तिथं सेव्ह करा. दुकानवाला चिडला.

"उसमें मजा नाई मास्तर. बटण दाबलं की उडी उशिरा लागते. ह्या जुन्या डब्ब्यात बटण आन् उडी संगंच."

"ते तुह्या डोक्यात आहे."

"खेळून पाह्य ना मग."

दोन्ही लावून पाहिले. मलाही दुकानवाल्याचंच खरं वाटलं. मग मास्तर म्हणाला की तिन्हींत वेलीवाला भिकार, कारण उडी घेतल्यावर वळताच येत नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"म्हणून तर तोच चांगला आहे."

दादा भिंतीला टेकून बसला होता. आल्यापासून पहिल्यांदा बोलला. "विटावाल्यात चुकलं तरी सावरता येते. वेलीवाल्यात उडी घ्यायच्या आधीच सगळा विचार करा लागते. आन् मग घ्या लागते."

दुकानवाल्यानं सवयीनं रिमोट उचलला आणि त्याच्यापुढे धरला. "घ्या भाऊ. तुमची गादी." मग त्याची नजर दुपट्ट्यावर गेली आणि त्याचा चेहरा पडला. हाताचं त्याला ठाऊक होतं, पण त्या क्षणी विसरला बिचारा. सगळे पोह्यांच्या प्लेटांत बघायला लागले. दादाची मान खाली गेली. माझ्या डोक्यात तिडीक गेली, कुणावर ते मलाही कळेना. सगळ्यांवरच.

मी रिमोट ओढून घेतला, दादाच्या शेजारी सतरंजीवर फतकल मारून बसले आणि अर्धा त्याच्या गुडघ्यावर, अर्धा माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"तू डाव्या हातानं पळव. उडी माह्याकडे."

"असं कुठी खेळतेत का?"

"लहानपणी सारी सुट्टी मी हात ठेवून बसली, तेव्हा विचारलं होतं का तू? पळव."

दुकानवाला गुपचूप सेटजवळ जाऊन कॅसेट धरायला बसला. वेलीवाला लावला. पहिल्याच खड्ड्यात मेलो. दुसऱ्यांदा पण. "उशीर करून राह्यली तू," दादा म्हणाला. "तू सांगत नाई ना कधी दाबू ते." "सांगायचं काय त्यात, समजलं पाह्यजे." आमचं भांडण ऐकून मास्तर हसायला लागला. त्याच्यावर मी डोळे वटारले.

मग मी पडद्याकडे बघणं सोडून दिलं. दादाच्या खांद्याकडे बघायला लागले. दुपट्ट्याखालचा उजवा खांदा खड्डा जवळ आला की जरासा वर जात होता, अगदी तसाच. खांदा वर गेला की मी लाल बटण दाबायची. एक खड्डा पार. दुसरा पार. वेलीवरून वेलीवर. खोलीतले सगळे पुढे सरकून बसले. दादाच्या तोंडातून जुन्यासारखी शिट्टी निघायला लागली, दातांतून, बिनासुराची. ती ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि एका खड्ड्यात जवळजवळ पडलोच. "रडून नको राहू, खेळ," तो म्हणाला.

शेवटच्या राउंडला पोचलो तेव्हा बाहेर गिऱ्हाईक आलं. मोबाइल आत्ताच पाहिजे म्हणून ओरडत होतं. दुकानवाला उठून पुढच्या खोलीत गेला. सेट सतरंजीवर दादाच्या उजव्या गुडघ्यापाशी होता.

आणि भोंगा वाजला.

घुग्घुसच्या खाणीचा. आवाज वेगळा, पण अर्थ तोच. माझे दोन्ही हात रिमोटवर, दादाचा डावा रिमोटवर, पडद्यावरचा माणूस सगळ्यांत मोठ्या खड्ड्याच्या काठावर. मास्तर आणि बाकीचे आमच्या मागं, सेटपर्यंत कुणाचाच हात पोचेना. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत दादानं दुपट्टा झटकला आणि उजवा हात कॅसेटवर ठेवला. अंगठा एका बाजूला, बोट दुसऱ्या बाजूला, मधल्या तळव्यानं दाब. खोलीतल्या सगळ्यांनी तो हात पाहिला. दादानं नाही पाहिलं कुणाकडे. जमीन हलली, प्लेटांतले चमचे वाजले, शटर खडखडलं. चित्र जागचं हललं नाही.

"काऊन थांबली?" तो म्हणाला. "मार."

मी दाबलं. पलीकडे पोचलो.

मग कोण किती ओरडलं, दुकानवाला आत धावत येऊन "मी नव्हतो तर कसं काय?" म्हणून किती हळहळला, ते सांगत बसत नाही. मास्तरनं लॅपटॉप मिटला आणि वेलीवाला तिन्हींत पहिला, असं मान्य केलं. दुसऱ्या भेटीत तो पुन्हा उलटला, पण ते असो.

परतताना ट्रकांची तीच धूळ होती. दादानं दुपट्टा सोडला, तोंडानाकाभोवती बांधून घेतला, जसा इथला प्रत्येक माणूस बांधतो. मग उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला. अंगठ्याची पकड मला कुर्त्यातून कळत होती. चांगली घट्ट होती. मी रस्त्याकडेच बघत राहिले. बोलले असते तर रडले असते, आणि समोरून ट्रक येत होते.

माजरी जवळ आली तेव्हा त्यानं मागून विचारलं, "उद्या सकाळी सोडून देशीन का मले? भांडारात?"

"माही सकाळची ड्यूटी आहे," मी म्हणाले.

"बरं. मग राहू दे, मी जातो पायी."

"गप बस," मी म्हणाले, आणि घरी पोचल्यावर आधी फोन करून ड्यूटी बदलून घेतली.