कॉफी स्टाउटचे आठ गुण

बाईंना बिअर आवडत नसे. सव्वीस वर्षं त्या बिअरच्या कारखान्यात चाखणीच्या टेबलाशी बसल्या, पण घरी पाहुण्यांनी बाटली उघडली की आपण लिंबाचं सरबत घेऊन बसत. कुणी फारच आग्रह केला तर म्हणत, "मी पगारी पिते, फुकट पीत नाही." लोक हसत. बाई हसत नसत, कारण त्यांनी विनोद केलेलाच नसे.

कारखाना लहान होता. आठ टाक्या, बाटल्या भरायचं एक कुरकुरं यंत्र आणि प्रयोगशाळेच्या मागे खिडकी नसलेली एक खोली. ती खोली बाईंची. अत्तर लावून आलेल्याला त्या दारातूनच परत धाडत, मग तो मालक का असेना. टेबलावर पाणी, बिनमिठाच्या पावाचे तुकडे आणि झाकण ठेवलेले ग्लास. स्टाउट म्हणजे ती काळी, दाट बिअर. गार असेपर्यंत तिचा खरा वास कळत नाही. म्हणून ग्लास दोन्ही तळव्यांत धरून थोडा ऊबदार करायचा, झाकण काढून तीनदा छोटा वास घ्यायचा, मग एक घोट. दहापैकी गुण लिहायचे आणि कागद पालथा घालायचा. तोवर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. नाक मुरडायचं नाही, भुवई उडवायची नाही. हा नियम बाईंनीच घातलेला. टेबलाशी त्यांच्यासोबत दोघं बसत: प्रयोगशाळेतला काडी, ज्याला सगळे त्याच्या अंगकाठीवरून तसं म्हणत, आणि गोदाम सांभाळणाऱ्या वहिनी. दोघांनाही बाईंनी घासून पुसून तयार केलं होतं. आता त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे.

आणि बाईंचं नाक गेलं.

पावसाळा संपता संपता त्यांना ताप आला, जोराची सर्दी झाली. ताप गेला, सर्दी गेली, वास काही परत आला नाही. हे त्यांना कळलं ते दूध करपून भांडं काळं पडलं तेव्हा. शेजारीण धावत आली, आणि बाई ओट्यापासून चार हातांवर भाजी निवडत बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू. दोन महिन्यांनी म्हणाला, काही जणांचा येत नाही. त्या रात्री बाई फडताळातल्या एकेका डब्यात नाक घालून बसल्या. हिंग, लवंग, रॉकेल. सगळ्याला एकच वास होता, म्हणजे कसलाच नव्हता. त्या खूप घाबरल्या. कुणाला सांगायचं तर नुसतं कामच जात नव्हतं. त्या कोण आहेत हेच जात होतं.

सांगितलं नाही. जीभ शाबूत होती. कडू, गोड, आंबट कळत होतं, फेसाचा चुरचुराट कळत होता, बिअर तोंडात पाण्यासारखी पडते की सायीसारखी तेही कळत होतं. उरलेलं त्यांनी शोधून काढलं. काडीला आणि वहिनींना बिअर आवडली की ते न ठरवता दुसरा घोट घेत. नाही आवडली तर ग्लास दोन बोटांनी जरासा पुढे सरकवत. त्यांच्या तोंडावर काही दिसायची सोय बाईंनी स्वतःच ठेवली नव्हती, म्हणून त्या हातांकडे बघायला शिकल्या. एकामागून एक भरलेल्या सतरा टाक्यांचा माल त्यांनी असा पास केला किंवा अडवला. एकदाही घोटाळा झाला नाही. चोराला सवय होते तशी बाईंनाही झाली.

अठरावी टाकी भाच्याची होती.

भाचा म्हणजे बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा नऊ वर्षांचा होता, तेव्हापासून बाईंकडेच. त्यांनीच त्याला कारखान्यात चिकटवला, टाक्या घासायला. अकरा वर्षांत घासत घासत तो बिअर बनवणारा झाला. इतक्या वर्षांत त्याच्या हातच्या एकाही बिअरला बाईंनी सहाच्या वर गुण दिले नव्हते. मावशीने भाच्याला वर काढलं असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी. जेवताना तो कधी विचारायचा, "मावशी, सातला काय कमी पडलं गं?" त्या म्हणत, "जेव आधी."

ही कॉफी स्टाउट त्याची स्वतःची होती. कृती त्याची, हट्टही त्याचाच. भाजलेल्या कॉफीच्या अख्ख्या बिया जाळीच्या पिशवीत भरून त्याने थंड टाकीत सोडल्या. एक दिवस पुरे झाला असता. वास भरपूर उतरावा म्हणून त्याने तीन दिवस ठेवल्या, आणि ते तिन्ही दिवस टाकीपाशीच घुटमळला. आपल्याच टाकीजवळ इतका वेळ राहिलं की नाक बधिर होतं. म्हणून तर टेबल असतं.

चाखणीच्या दिवशी भाचा दारात उभा होता. तसं उभं राहायची मनाई होती, पण त्या दिवशी बाई काही बोलल्या नाहीत. ग्लास हातांत धरून ऊब दिली, झाकण काढलं, तीनदा वास घेतल्यासारखं केलं. घोट घेतला. कडूपणा चोख, दाटपणा छान, शेवटी जराशी गोडी. मग हातांकडे पाहिलं. काडीने दुसरा घोट घेतला. वहिनींनी दुसरा घेतला, आणि तिसराही.

त्या बिअरला कापलेल्या ढोबळी मिरचीचा वास येत होता. कॉफीच्या बिया जास्त वेळ राहिल्या की कधी कधी येतो तसा, हिरवा, कच्चा. काडीला तो आला, पण वाटलं, असं कसं होईल, म्हणून त्याने पुन्हा घोट घेतला. वहिनींनाही आला, आणि आपलंच काहीतरी चुकतंय म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा घेतला. दोघांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाईंकडे पाहिलं. बाई सरळ लिहीत होत्या. दोघांनी आपापला आकडा खोडला.

कागद उलटले. बाई आठ, काडी सात, वहिनी साडेसात. भाचा हसू लपवायला तोंडावर हात धरून बाहेर गेला. वहिनी म्हणाल्या, "बाईंकडून आठ? आता सुट्टी जाहीर करायला हवी." सगळे हसले. बाईही हसल्या.

तीन आठवड्यांत माल परत येऊ लागला. एका दुकानदाराने चिठ्ठी पाठवली: बिअर मागवली होती, कोशिंबीर नाही. मालकाने चौकशी केली. बिया तीन दिवस ठेवल्याची नोंद वहीत भाच्याच्याच अक्षरात होती. त्याला महिन्याच्या अखेरीस निघायला सांगितलं.

बाई मालकाच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "चूक माझी आहे. पावसाळ्यापासून मला वास येत नाही."

मालक म्हणाला, "बाई, पोटच्या पोरासारखा वाढवलाय तुम्ही त्याला. जीव तुटणारच. पण असं खोटं कशाला बोलता?"

"कॉफीची पूड आणा. डोळे बांधा आणि नाकाखाली धरा."

मालकाने उठून दार लावून घेतलं. "म्हणजे पावसाळ्यापासूनचा सगळा माल बिनचाखलेला गेला. हे बाहेर कळलं तर एक दुकान माझी बाटली ठेवणार नाही. चाळीस माणसं घरी बसतील." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचं नाक ठणठणीत आहे. पोरगा कच्चा निघाला. सोमवारी टेबल आहे, वेळेवर या."

बाईंना वाटलं होतं, खरं बोलायचं धाडस झालं की पुढचं आपोआप होईल. पुढचं काहीच झालं नाही. त्या जिना उतरून आल्या तेव्हा काडीने त्यांना अदबीने वाट दिली, आणि त्यांना रडू आलं.

घरी भाचा स्वयंपाकघरात एका कागदावर लिहीत बसला होता. बाईंना वाटलं होतं, तोंड पाडून बसलेला असेल. तो तर रंगात होता.

"मावशी, एका नव्या कारखान्यात बोलणं झालंय. त्यांना कॉफी स्टाउटच हवीये. हीच करणार मी. बिया तीनच दिवस, जराही बदल नाही."

"अरे, पण माल परत आलाय."

"भरताना बिघडवला असणार यांनी. नाहीतर दुकानात उन्हात ठेवला असेल. टेबलावर चांगलीच होती ना? तू आठ दिलेस. तू. बाकी जग काय म्हणतं त्याच्याशी मला काय करायचंय?"

बाई खुर्चीवर बसल्या. गप्प राहिल्या तर हा जाऊन पुन्हा तीच बिअर करणार, पुन्हा हाकलला जाणार, आणि तिसरीकडे कुणी दारात उभं करणार नाही. बोलल्या तर त्याच्याजवळ होतं नव्हतं तेवढं जाणार. तिसरा रस्ता त्यांनी पुष्कळ शोधला.

"मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यापासून. तिला मिरचीचा वास येत होता म्हणतात. मला काहीच येत नव्हता."

त्याची पेन्सिल थांबली. "थट्टा करतेस?"

"नाही रे."

"मग बाकीच्या वेळी गुण कसे द्यायचीस?"

"काडीच्या आणि वहिनींच्या हातांकडे बघून."

"आणि मला आठ?"

"त्यांच्या हातांवरून सात वाटले होते," बाई म्हणाल्या. "मग तुझ्या तोंडाकडे पाहिलं."

भाच्याने कागदाची घडी घातली. पुन्हा उघडली, पुन्हा घातली. बाईंना वाटलं, आता तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सहाच द्यायचे होतेस गं मावशी," तो म्हणाला.