पोशा जेवायला बसला

कुंभिवलीला हमरस्त्याच्या कडेला गौराबाईची खाणावळ होती आणि तिथं वाढायला तिचा धाकटा दीर पोशा होता. खाणावळ म्हणजे कुडाची एक लांबट पडवी. पुढं ट्रक उभे राहायला मोकळी जागा, मागं चूल. नवरा गेल्यावर गौराबाईनं हिंमत करून ती घातली होती. रांधायचं तिनं, वाढायचं पोशानं. खंडाळ्याचा घाट उतरून आलेले ड्रायव्हर म्हणत, कालवण काय, पुढंही मिळतं. पण पोशासारखं कोण वाढतं?

वाढायचं काम पोशाच्या मागं पोरवयापासून लागलेलं. गावात लग्न असो की तेरावं, वरणाची बादली आणि ओगराळं त्याच्या हातात. पंगतीतून भरभर चालायचा, पण थेंब कधी पानाबाहेर पडला नाही. बापानं त्याला एवढंच शिकवलं होतं : "मानूस तोंडानं नको म्हणतो, तिकडं बगू नको. त्याच्या डोल्यांकडं बग."

पोशा डोळ्यांकडं बघायचा. एखादा पानावर आडवा हात धरी, पण नजर बादलीत असे. पोशा त्याच्या बोटांमधून भात सोडी आणि तो माणूस रागवायचा सोडून हसे. खरंच पोट भरलेला गडी आधी पाण्याच्या तांब्याकडं बघतो, हे त्याला ठाऊक होतं. लाजरी पाहुणी, रुसलेला व्याही, नवसाचा उपास सोडणारी म्हातारी, सगळ्यांची भूक त्याला तोंडावर दिसे. विचारून वाढायचं तर वाढपी कशाला हवा, असं तो म्हणे.

स्वतः मात्र सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी उभ्या उभ्या टोपातलं खरवडून खाई. त्याची बायको शकू म्हणायची, "दावनीचा बैल पन उभा राहूनच खातो, पन त्याच्याम्होरं वैरन कोन तरी टाकतं."

पोशा ते हसण्यावारी नेई.

त्र्याऐंशी साली भातकापणी उरकत आली असताना जवळच्या एका नव्या रबराच्या कारखान्यात यंत्रं बसवायला थायलंडहून माणसं आली. कारखान्याची जीप चालवणारा झाकीर खालापूरचा. बाहेरगावच्या पाहुण्यांना चांगलं जेवण कुठं मिळेल, असं साहेबानं विचारल्यावर त्यानं जीप सरळ गौराबाईच्या दारात आणली. तीन पुरुष आणि एक बाई. त्यांतला पोक्त माणूस प्रासोंग आणि बाई त्याची बायको, मालै. बाकीचे दोघे तरणे होते. चौघांनी दारातच हात जोडले, माना लववल्या आणि हसले.

"आपल्यासारखाच नमस्कार करतात की रं," पोशा झाकीरला म्हणाला.

"मानसं चांगली हायत, पोशादादा. जरा नीट बग."

नीट बघायचं हे काय पोशाला सांगायला हवं होतं? त्यानं ताटं मांडली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुक्या बोंबलाचं कालवण, भात. प्रासोंगनं ताटातला भात संपवला. पोशानं लगेच ओगराळंभर भात घातला. तो हसला आणि तोही संपवला. पोशानं पुन्हा घातला. तो पुन्हा हसला. असं चालूच राहिलं. शेवटी त्या माणसाच्या कपाळावर घाम आला, पट्टा सैल करावा लागला, तरी तो हसतच होता आणि खातच होता. नजर ना पाण्याकडं, ना बादलीकडं. पोशा ओगराळं धरून उभा राहिला. याला हवंय की नकोय? आयुष्यात पहिल्यांदा त्याला समोरच्याच्या तोंडावर काही वाचता येईना.

दुसऱ्या दिवशी मात्र उलटंच घडलं. चौघांनीही ताटात थोडा थोडा भात ठेवला आणि हात जोडून, हसून उठले.

अन्न टाकून उठायचं म्हणजे जेवण बेचव आहे, असं रांधणारीच्या तोंडावर सांगणं झालं. त्यानं ताटं मागं नेली. गौराबाई उष्ट्याकडं बघत राहिली.

"खारट झालंय काय वो, भावजी?"

"नाय वयनी. मी चाखलंय."

"मंग टाकलं कशापाई?"

"हसत होते," पोशा म्हणाला.

गौराबाईनं मसाला बदलला, तिखट कमी केलं. तर त्या दोघा तरण्यांनी हिरव्या मिरच्या मागून घेतल्या आणि काकडीसारख्या कराकरा चावून खाल्ल्या. तिनं तिखट वाढवलं, तर मालैनं खुणेनं साखर मागितली आणि माशाच्या कालवणात घातली. चिमूटभर नव्हे, चांगली चमचाभर! गौराबाई पदर तोंडाला लावून आत गेली. आणि तरीही शेवटी ताटात घासभर भात उरलेलाच.

एक दिवस नव्या तांदळानं दगा दिला. भात गिच्च झाला, गोळाच. असला भात गिऱ्हाईकापुढं ठेवायचा म्हणजे तोंड लपवायची पाळी. पोशा खाली मान घालून वाढून आला. तर त्या तरण्यांपैकी एकाचे डोळे चकाकले. त्यानं चमचा बाजूला ठेवला, बोटांनी भाताची गोळी वळली, कालवणात बुडवून तोंडात टाकली आणि शेजारच्याच्या पाठीवर थाप मारून काहीतरी मोठ्यानं बोलला. दोघेही तो भात मिटक्या मारत खाऊ लागले.

"काय म्हणतोय रं?" पोशानं झाकीरला विचारलं.

झाकीरनं मालैला मोडक्या इंग्रजीत विचारलं आणि सांगितलं, "म्हणतो, आईच्या घरी असाच चिकट भात असतो."

पोशा मागं आला. "वयनी, भात बिगडला ते लय आवडलं त्यांना."

"आवडलं?"

"व्हय."

"मंग उद्या परत बिगडवायचा काय?"

त्या दिवशी संध्याकाळी घरी गेल्यावर तो शकूपुढं बसून म्हणाला, "मला कायच कलत नाय गं. चांगलं केलं तर टाकतात, वंगाल केलं तर चाटून खातात. आन तोंडावर एकच हसू. दात दुखला तरी तेच असंल."

"मंग इचार की त्यांना, काय पायजे ते."

"मी? इचारू?"

"तोंड दिलंय ना देवानं," शकू म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

पोशानं विचारलं. शेवटी विचारलंच. दुसऱ्या दिवशी झाकीरला पुढं घालून मालैसमोर उभा राहिला. "बाई, जेवन पसंत नसंल तर सांगा. आमी बदलू. पन ताटात टाकू नका. वयनी लय मनाला लावून घेते."

झाकीरनं ते कसंबसं पोचवलं. मालैचं हसू पहिल्यांदाच मावळलं. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले, नवऱ्याशी भरभर बोलली आणि मग झाकीरला सांगत सुटली. झाकीर ऐकून डोकं खाजवायला लागला.

"पोशादादा, त्यांच्यात ताट अगदी पुसून खाल्लं तर भुकेला राहिला असं समजतात. थोडं ठेवलं म्हंजे पोट भरलं, घरधनीनीनं काय कमी केलं नाय, असं. वयनीला मान म्हणून ठेवत होते ते. पयल्या दिवशी तू घालतच गेलास, म्हणून ठेवता आलं नाय."

"मान म्हणून टाकत होते?"

"व्हय."

पोशा त्या उरलेल्या भाताकडं बघत उभा राहिला. मान कुठल्या बाजूनं सुरू होतो आणि अपमान कुठल्या बाजूनं, हे त्याला काही केल्या उलगडेना.

मालैनं त्यावर एक घाट घातला. काम संपत आलं होतं. जाण्याआधीच्या रविवारी ती रांधणार आणि गौराबाईनं नि पोशानं जेवायला बसायचं. गौराबाई नको नको म्हणाली, पण मनातून तिला बघायचंच होतं.

रविवारी मालैनं चूल ताब्यात घेतली. तिनं नारळाचं दूध काढलं, इथपर्यंत ठीक. त्यात तिनं गवती चहाच्या काड्या ठेचून घातल्या.

"अगो बाय, च्या करते की कालवन?" गौराबाई पोशाच्या कानात म्हणाली.

पाठोपाठ ईडलिंबाची पानं, मिरच्या आणि नदीची कोलंबी. सोबत आणलेल्या बाटलीतलं तांबूस पाणी ओतल्यावर खारवलेल्या मासळीचा असा वास सुटला, की पोशाला आधी ते उंदराचं औषधच वाटलं. मग गौराबाईच्या उखळात कच्च्या पपईचा कीस, शेंगदाणे, जवळा, गूळ, लिंबू सगळं एकत्र कुटलं. गौराबाई एकेक जिन्नस ओळखत होती, सगळे तिच्याच घरातले होते. पण ते एकमेकांना भेटतील असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

चटई अंथरली. मालैनं पोशाला हाताला धरून बसवलं. तो अर्धवट उठला, तिनं पुन्हा बसवलं. सगळे टोप मध्ये मांडले. आधी काय, नंतर काय, काही क्रमच नाही. मालै गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी पोशाच्या ताटात भात आणि चमचाभर कालवण घातलं, मान लववली आणि आपल्या जागी जाऊन बसली.

पोशानं घास घेतला. आधी गोड लागलं. मग आंबट. मग जिभेच्या मागं तिखट पेटलं आणि त्याच्यातून गवती चहाचा वास वर आला, पावसाळ्यात पडसं झाल्यावर शकू काढा देते तसा. हे औषध आहे, खीर आहे की कालवण? आवडलं का, तेही त्याला समजेना. पण हात थांबत नव्हता. तेवढं चमचाभर कालवण बघता बघता संपलं.

मग तो वाट बघत बसला.

कोणी वाढायला येईना. मालै आपल्या ताटात बघून जेवत होती. प्रासोंग अधूनमधून त्याच्याकडं बघून हसे आणि पुन्हा घास घेई. कालवणाचा टोप पोशापासून हातभर लांब होता. वाफ त्याच्या नाकात जात होती. पण पाहुण्यानं आपल्या हातानं घ्यायचं? निदान एकदा तरी कोणी म्हणायला हवं, की घ्या. आणि मग त्यानं नको म्हणायचं. आणि मग त्यांनी घालायचं. त्याशिवाय घास खाली कसा उतरणार? त्यानं ताटावर आडवा हात धरला आणि टोपाकडं बघितलं. कोणाच्याही ध्यानात आलं नाही. उलट मालै त्याचा हात बघून मायेनं हसली. पोट भरलं, असंच तिला वाटलं असणार.

जन्मभर हजारो माणसं त्यानं अशी बसलेली बघितली होती; आज तोच तिथं बसला होता आणि त्याच्या डोळ्यांकडं बघणारं कोणी नव्हतं. की ही माणसं बघतही असतील आणि मुद्दाम सोडत असतील, घे बाबा तुला हवं तेवढं, आमचं ओझं नको तुझ्यावर, म्हणून? तोही मानच असेल का? मग इतकी वर्षं आपण लोकांच्या बोटांमधून भात घातला, त्यांतल्या किती जणांना तो खरंच नको होता?

"भावजी," गौराबाई बाजूनं पुटपुटली. ती मगाशीच तिसऱ्यांदा घेऊन बसली होती. "कोन नाय वाढनार हितं. घ्या हातानं."

"असं कसं घेऊ, वयनी?"

"चमच्यानं!"

पोशानं हात लांब केला. ओगराळ्यानं मापं टाकणाऱ्या त्या हाताला चमच्याची सवय नव्हती. कालवण ताटाच्या काठावर आणि चटईवर सांडलं. प्रासोंगनं ते पटकन आपल्या रुमालानं पुसलं आणि हसला. त्या हसण्याचा अर्थ पोशाला त्याही वेळी लागला नाही. पण त्यानं घेतलं. पुन्हा घेतलं. पपईही घेतली आणि तिखटानं डोळ्यांतून पाणी काढत सगळं संपवत आणलं. मग त्यांच्या रीतीची आठवण झाली, म्हणून शेवटचा घास ताटातच ठेवला आणि हात जोडले. मालै इतकी खूश झाली की तिनं टाळ्या वाजवल्या.

ती माणसं गेली. जाताना मालै गौराबाईच्या गळ्यात पडली आणि पोशाला चौघांनी वाकून नमस्कार केला.

त्यानंतर काही दिवस पोशाचं वाढणं पार बिघडलं. भाताचं ताट घेऊन तो ड्रायव्हरसमोर थांबे आणि विचारी, "वाढू काय?" सवयीनं ड्रायव्हर नको म्हणे, आणि पोशा खरंच पुढं जाई.

"पोशा, हात आखडला काय रं?" एका म्हाताऱ्या ट्रकवाल्यानं विचारलं.

"तुमीच नको म्हणलात."

"आरं, मी नको म्हणनारच की! बाप मेल्यापासनं तू सोडून कोन आग्रो करतंय मला?"

पोशा परत फिरला आणि त्याच्या ताटात भात घातला. पण पुढच्याच चटईवर बसलेल्या एका हडकुळ्या गड्याला त्यानं तसाच भात घातला, तर तो वैतागून म्हणाला, "पोट दुखतंय वो, नको म्हणतोय ना!" पोशा दोघांच्या मध्ये ताट धरून उभा राहिला. कोणाचं तोंड कसं वाचायचं, हे पूर्वी त्याला न विचारता समजायचं. आता दर वेळी मनात दोन उत्तरं यायची.

गौराबाईला असला घोळ कधी पडला नाही. ती रविवारच्या कोलंबीत गवती चहा घालायला लागली. लोकांना वास आवडला, पण ओळखता येईना. विचारलं तर ती सांगायची, "माहेरची रीत हाय आमच्या." पोशा ते ऐकून बुचकळ्यात पडायचा, कारण तिचं माहेर इथलंच, जवळच्या वावोशीचं.

पुढं सत्त्याऐंशी साली पोशाच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. मांडवात वाढायला गावची तरणी पोरं होती. पोशा बादलीकडं धावला, तर शकूनं त्याला अडवलं आणि व्याह्याच्या शेजारी पानावर बसवलं. वाढप्यानं भात घातला. पोशानं पानावर आडवा हात धरला. पोरगा क्षणभर थांबला, त्यानं पोशाकडं बघितलं, आणि "बरं काका" म्हणून पुढं निघाला.

"आरं ए!" पोशा ओरडला. "हिकडं ये. घाल."