गुहेत घाबरलं कोण

आमच्या घरात एक गोष्ट बरीच वर्षं चुकीची सांगितली जाते, आणि तशी सांगायला सुरुवात मीच केली. लग्नात, बारशात, दिवाळीला चार माणसं जमली की कुणीतरी म्हणणारच, "मामा, मामीचं ते समुद्रातलं सांगा की." मग मी सांगायचो. बायको समुद्राच्या गुहेत कशी घाबरली, कातळाला कशी चिकटून बसली, मी तिला कसा धीर दिला. लोक पोट धरून हसायचे. ती आत भाकरी थापत असायची. आमचं घर काही एवढं मोठं नाही. तिला सगळं ऐकू जायचं.

ती घाबरली नव्हती. घाबरलो मी होतो.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. आम्ही अहमदपूरला होतो. नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता. पुण्याहून लेकीचा फोन यायचा, "इकडं या, निदान अंघोळ तरी कराल." बायकोचा जीव भरलेल्या पिंपांत अडकलेला. शेवटी शेजारणीला किल्ली देऊन, पिंपावर जुनी चादर बांधून ती निघाली. पुण्यात गेल्यावर लेक आणि जावई म्हणाले, आता आलाच आहात तर कोकण दाखवतो. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. मीही नाही.

आम्ही गेलो त्या किनाऱ्यावरच्या गावात लहान-लहान गट करून लोकांना कयाकमधून गुहा दाखवायला नेत. कयाक म्हणजे दोन माणसांची अरुंद, चपटी होडी. पाय लांब करून बसायचं आणि हातातलं वल्हं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं मारायचं. सूर्य उगवायच्या वेळी निघायचं, कारण त्या दिवसांत ओहोटी पहाटेची होती आणि गुहेची कमान ओहोटीतच मोकळी असते. हे सगळं वाट दाखवणाऱ्यानं आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. चाळिशीचा, काळा, हसऱ्या तोंडाचा माणूस. मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. पाण्याबद्दल मला कुणी काही सांगावं असं मला वाटत नव्हतं.

त्याचं कारण माझी नोकरी. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी उस्मानाबादेहून नव्या कचेरीत टंचाईच्या कामाला आलो. गाव टँकर मागायचं, आणि मंजूर करायच्या आधी आम्ही जाऊन विहीर पाहायची. लोक सांगत, महिना झाला कोरडी हाय साहेब. मी वाकून भिंत बघायचो. दगडावर ओल कुठपर्यंत आहे, तिचा रंग काळा आहे का करडा झालाय, त्यावरून पाणी केव्हा होतं नि केव्हा गेलं ते मला कळायचं. कुणी आदल्या रात्री इंजिन लावून विहीर उपसली असेल तर तेही कळायचं. माझ्या या नजरेचं कचेरीत नाव होतं. पुढं निवृत्त झाल्यावर सांगण्यासारखं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं.

त्या पहाटे बायकोनं जन्मात पहिल्यांदा लेकीचा पंजाबी ड्रेस घातला. वर नारिंगी जाकीट. जावई म्हणाले, "मामी, फोटो काढू का?"

"काढा, पण गावाकडं दावू नका."

पुढं मार्गदर्शकाची एकट्याची होडी, मागं लेक-जावई, त्यांच्यामागं आम्ही. थोड्या वेळात तिला वल्ह्याची लय सापडली. मी चुकीच्या बाजूनं मारायचो आणि होडी गिरकी घ्यायची. "अहो, तुम्ही नुस्तं बसा बरं," ती म्हणाली. मी खरोखरच नुसता बसलो. डोंगरामागून उजेड आला तेव्हा पाणी आधी करडं, मग तांबूस झालं. ती वल्हं मांडीवर ठेवून बघत राहिली. एवढं पाणी आणि कुणी भांडत नाही, असं काहीतरी ती म्हणाली.

कमानीतून वाकून आत गेलो. आत उंच, गोल, देवळाच्या गाभाऱ्यासारखी जागा होती. मागच्या बाजूला गोट्यांचा उतार आणि त्यावर माणसाच्या छातीइतका उंच एक सपाट कातळ. आम्ही उतरलो. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक काळी ओली रेघ होती. तिच्याखाली बारीक शिंपले चिकटलेले.

मी ती रेघ पाहिली आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. लेकीला, जावयाला जवळ बोलावून मी सांगू लागलो. बघा, पाणी इथवर होतं. आता उतरलंय. ओल काळी आहे म्हणजे फार दिवस झाले नाहीत. मग कुठल्या गावची विहीर, कुणी कसं फसवायला पाहिलं, ते सगळं. आमच्याकडं भिंतीवरची ओल म्हणजे गेलेल्या पाण्याची खूण. गेलेलं पाणी आपल्या पायानं परत येतं, तेही त्याच दिवशी, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

मार्गदर्शकानं हाक मारली, "काका, चला आता. पाणी चढाक लागला."

"थांबा हो. उतरून राहिलंय पाणी. ही रेघ बघा."

तो हसला. "काका, ती रेघ दुपारची."

मला ती थट्टा वाटली. बायको म्हणाली, "चला की. ते म्हणून राहिले तर." मी तिला म्हणालो, तुला काय कळतं यातलं. हे वाक्य मी कधी कुणाला सांगितलं नाही.

लेक आणि जावई निघाले. त्यांना कमानीबाहेर काढून देऊन मार्गदर्शक आमच्यासाठी परत आला, तोवर माझे घोटे पाण्यात गेले होते. गोटे पायाखाली सरकू लागले. एक लाट आली, कमानीत ढब्ब असा आवाज झाला आणि क्षणभर बाहेरचा उजेडच बंद झाला. मग पुन्हा उघडला.

"दोघांनी होडीत आडवे व्हा," तो म्हणाला. "डोका खाली ठेवा. मी ओढून काढतंय. काय भियाचा नाय."

बायको गेली आणि होडीत आडवी झाली. हात पोटावर ठेवून, डोळे उघडे ठेवून. मी जाऊ शकलो नाही. भिंतीतून एक सुळका बाहेर आला होता, त्याला मी दोन्ही हातांनी मिठी मारली होती. तो म्हणाला, काका सोडा. ती म्हणाली, अहो सोडा. मलाही सोडायचं होतं. हात माझं ऐकत नव्हते. कमान पुन्हा बंद झाली, पुन्हा उघडली, आणि या वेळी उघडली ती अर्धीच.

"काकी, तुमका तरी बाहेर काढतंय," तो म्हणाला. "मग काकांचा बगूया."

ती होडीत उठून बसली. माझ्याकडं पाहिलं. "न्हाई," म्हणाली, आणि खाली उतरून गुडघाभर पाण्यातून माझ्याकडं आली.

ती तेव्हा बाहेर पडू शकत होती. ही गोष्ट माझ्या सांगण्यातून मी नेहमी गाळली.

दोघांनी मिळून मला उताराच्या माथ्यावरच्या, रेघेहूनही उंच असलेल्या कातळावर चढवलं. तिथं भरतीतही पाणी येत नाही, असं त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. होड्या दोरीनं बांधल्या. बाहेर जावयांच्या हाका ऐकू येत होत्या. त्यानं मोठ्यानं ओरडून सांगितलं, सगळे बरे आहेत, ओहोटी लागली की येतो. मग कमान पुरती बुडाली आणि हाकाही बुडाल्या. उजेड आता पाण्याच्या खालून येऊ लागला, हिरवा, काचेच्या बाटलीतून यावा तसा. छतावर तो हलत होता. बायको मान वर करून बघत होती. मी डोळे मिटले. डोळे मिटले की भिंती जवळ येत, उघडले की पाणी वर आलेलं दिसे. श्वास घेतला तरी पुरत नव्हता. मला वाटत होतं, हे पाणी त्या रेघेवर थांबणार नाही.

दुपार कलेपर्यंत आम्ही तिथं होतो. त्या वेळात तिनं काय केलं ते सांगतो.

आम्ही लिंगायत. लिंगपूजा केल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नाही. पहाटे निघायच्या गडबडीत पूजा राहिली होती. तिनं गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं. प्यायच्या बाटलीतलं थोडंसं पाणी बुचात घेऊन त्यावर घातलं. खालचं समुद्राचं घेतलं नाही. मार्गदर्शकानं विचारलं, तर म्हणाली, "खारं असतंय ना. देवाला कसं घालायचं?" घरी न्हाणीजवळ बसून करते तशीच तिनं पूजा केली, घाई न करता. मग पिशवीतून धपाटे काढले. एक त्याला दिलं, एक माझ्यापुढं धरलं. माझे हात भिंतीवर होते, म्हणून तिनं भरवायला बघितलं. मी तोंड फिरवलं.

"काकी, तुमी खंयच्या? समुद्राकडल्या दिसतास," तो म्हणाला.

"लातूरकडच्या. आमच्याकडं पाणी रेल्वेनं येऊन राहिलंय."

"काय सांगतास! हय तर बोलवल्याशिवाय येता."

दोघं हसले. मला त्या हसण्याचा राग आला. रागानंही भीती गेली नाही. त्यानंतर कधीतरी माझी पँट ओली झाली. ते समुद्राचं पाणी नव्हतं. तिच्या लक्षात आलं. मार्गदर्शक होड्या बघायला खाली उतरला होता. ती सरकून माझ्या आणि त्याच्यामध्ये बसली, पाठ त्याच्याकडं करून.

पाणी त्या रेघेवर आलं आणि थांबलं. मग तसंच सावकाश उतरलं. कमान मोकळी झाल्यावर मला खाली उतरवलं, तेव्हा तिनं ओंजळीनं पाणी घेऊन माझ्या कमरेवर, छातीवर उडवलं. मग स्वतःवरही. "सगळेच ओले झालो," ती मोठ्यानं म्हणाली. मी डोळे घट्ट मिटून होडीत आडवा झालो आणि बाहेर आलो.

बाहेर लेक रडत होती. "बाबा, काय झालं? आई घाबरली का?"

मी म्हणालो, "हो. हिला धरूनच बसावं लागलं."

ठरवून बोललो नाही, पण लगेच बोललो. बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली. मार्गदर्शकानंही पाहिलं. मग तो दोर गुंडाळू लागला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. पण गोष्ट लोकांना आवडली. दर खेपेला मी तिच्यात भर घातली. पुढं लेकीनं दोन-तीनदा समुद्राकडं जायचं काढलं, तेव्हा प्रत्येक वेळी मी फोनवर म्हणालो, "नको, हिला पाणी सोसत नाही." बायको शेजारीच असायची. एकदा तिनं नुसतं विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हणालो, काही नाही, सहज फोन होता.

या दिवाळीला सगळे घरी होते. लेक म्हणाली, "परत तिकडं जाऊ या. आई बसेल काठावर." मी जेवत होतो. घास खाली ठेवून म्हणालो, "तेव्हा घाबरलो होतो मी. ती नाही."

जावई हसले. "मामा, मामींना आता वाचवून काय उपयोग? लई उशीर केलात."

लेकही हसली. "बाबा, आईला पाठीशी घालू नका हो."

इतकी वर्षं मीच घट्ट केलेली गाठ माझ्याच हातानं सुटेना. मग मी सुळक्याचं सांगितलं. तरी हसू थांबलं नाही. मग पँटचं सांगितलं. तेव्हा थांबलं. जावई ताटाकडं बघत राहिले.

बायको पिठाच्या हातानं बाहेर आली. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती लालबुंद झाली होती.

"ते कशाला सांगायचं होतं? ते मी कुणाला सांगितलं होतं का?"

लेकीनं हळूच विचारलं, "आई, तुला परत जायचं होतं?"

"विचारलं कुणी?"

"आता विचारते."

"मग येते. ह्यांना बसवा काठावर."

काठावरसुद्धा मी गेलो नाही. ते गेले, मी घरी राहिलो आणि हे लिहायला घेतलं. निघताना ती म्हणाली होती, लिहायचं तर लिहा, पण ते ओलं झाल्याचं लिहू नका. मी ते लिहिलं आहे. ते गाळलं तर तिनं काय झाकलं होतं, हे कुणालाच कळणार नाही. तिला हे पटणार नाही, हेही मला माहीत आहे.

आज दुपारी फोन आला. आधी लेक बोलली, मग बायकोनं घेतला.

"बसलीस का होडीत?" मी विचारलं.

"बसले. पोरीच्या मागं. वल्हं पण मारलं."

"आणि गुहा?"



"लांबून दावली. माझ्या वयाच्याला आत नेत न्हाईत म्हणाले," ती म्हणाली. "आधी आले असते तर नेलं असतं म्हणे."

"हाव, बरं," मी म्हणालो.