या महिन्याचं मनातलं

माझी थोरली जाऊ, जिला मी आक्का म्हणते, आणि मी वडीगोद्रीच्या एकाच घरात राहत होतो. एकाच चुलीवर स्वयंपाक करायचो, एकाच रानात कापूस वेचायचो. तरी लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत आमच्यात कामाशिवाय दुसरं बोलणं असं झालंच नव्हतं. पाणी आलं का, पीठ किती राहिलं, म्हशीला कोण सोडणार, एवढंच. भांडण म्हणावं तर तेही नव्हतं. वेळच नव्हता, असं तेव्हा वाटायचं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. संक्रांतीच्या आधी आक्काचं पिशवीचं ऑपरेशन झालं, जालन्याला. डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. घरी आल्यावर आक्का आठ दिवस पडून राहिली आणि नवव्या दिवशी झाडू घेऊन अंगणात उभी. सासूबाईंनी पाहिलं, आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी कळशी हातातून घेतली की ती भाकरी थापायला बसायची, तिथून उठवलं की तूर पाखडायला.

तिचा भाऊ कोकणात दापोलीकडच्या एका खेड्यात मास्तर होता. तो बहिणीला बघायला आला आणि हा प्रकार पाहून सासूबाईंना म्हणाला, "आत्याबाई, हिला इथं आराम भेटणार न्हाई. मी घेऊन जातो. समुद्र हाय तिथं, हवा चांगली हाय."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "एकली कशी जाईल? रस्त्यात काही झालं तर?" मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू जा संगं."

माझी दोन लेकरं मी परतूरला आईकडं ठेवली. माघाचा महिना होता. आक्का एसटीत खिडकीशी बसली, पोटावर उशी धरून. पुण्यात गाडी बदलली. गाडी घाट उतरायला लागली तशी हवा ओलसर झाली आणि अंगाला चिकटायला लागली. आक्का पूर्ण प्रवासात एकदाच बोलली. "म्हशीला वैरण कोण टाकून राह्यलं असंल?"

मास्तरांचं घर एका वाडीत होतं. वर माड, खाली पोफळी, आणि मागच्या दारातून वाळूची पायवाट थेट समुद्रावर जायची. मास्तरांची बायको आमच्याच जिल्ह्यातली, केदारखेड्याची. तिला मी वहिनी म्हणायला लागले. ती कोकणात राहून मासे करायला शिकली होती, पण बोलणं अजून आपल्याकडचंच होतं. आम्ही पोचलो तेव्हा तिनं पाय धुवायला पाणी दिलं आणि सांगितलं, "आता आठ दिवस दोघींनीबी कशाला हात लावायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला खराट्याचा आवाज आला. आक्का वाडीतल्या पडलेल्या झावळ्या बाजूला करून अंगण झाडत होती. वहिनी बाहेर आली, तिनं आक्काच्या हातातला खराटा काढून घेतला आणि तो घरावर, कौलांच्या वळचणीला असा खोचून ठेवला की आक्काचा हात पोचू नये.

"वन्सं, तुम्ही पाव्हण्या हाव," ती म्हणाली. "पाव्हण्यासारखं ऱ्हा."

मग आम्ही समुद्रावर गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहत होते. पैठणचं धरण पाहिलं होतं, त्याच्यासारखंच असेल असं वाटलं होतं. पण धरणाचं पाणी गप्प असतं. हे पाणी सारखं येत होतं, जात होतं, आणि आवाज थांबतच नव्हता. मला हसू यायला लागलं. का ते कळेना.

आक्का वाळूवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. थोड्या वेळानं तिनं शिंपले गोळा करायला सुरुवात केली आणि पदरात घेऊन निवडायला बसली, डाळीतले खडे निवडावेत तसे. मोठे एका बाजूला, फुटके दुसऱ्या बाजूला.

"आक्का, हे काय करून राह्यलात?"

तिनं स्वतःच्या हातांकडं पाहिलं. "हात रिकामे कसे ठेवायचे गं? मला तर येतच न्हाई."

मी तिच्या शेजारी बसले. खरं तर मलाही येत नव्हतं. मीही पदराचं टोक पिळत बसले होते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी जेवून आम्ही सुरूच्या झाडांखाली गेलो. वहिनीनं सोलकढी केली होती. आक्काला ती औषधासारखी लागली, पण ती दोन वाट्या प्यायली. वारा होता. आक्का म्हणाली, "जरा पाठ टेकते," आणि वाळूवर आडवी झाली. तिथंच तिला झोप लागली. मी आधी कौतुकानं पाहिलं, मग उन्हं कलायला लागली तरी ती हलेना, तेव्हा मला भीती वाटली. मी वाकून तिचा श्वास बघितला. शांत चालला होता. मग मी तिच्या तोंडावर येणारं ऊन पदरानं अडवून बसून राहिले. इतकी वर्षं एका घरात राहून मी तिला झोपलेली अशी कधी पाहिलीच नव्हती. ती माझ्याआधी उठायची आणि माझ्यानंतर निजायची. झोपेत तिचा चेहरा पोरीसारखा दिसत होता.

सूर्य खाली गेल्यावर ती उठली. केसांत वाळू, गालावर वाळू. "सपनसुद्धा पडलं न्हाई," ती म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी घाबरून विचारलं, दुखतंय का. ती मान हलवून न्हाई म्हणाली. "लई बरं वाटून राह्यलं. म्हणून."

त्या संध्याकाळपासून आम्ही बोलायला लागलो. काय बोललो ते सगळं आता आठवत नाही. तिला लहानपणी गाण्याची आवड होती हे कळलं. मला घरात सगळ्यात जास्त तिची भीती वाटायची हे मी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "माझी? मला तर तुझी वाटायची. तू दहावी झालेली." आम्ही दोघी हसत सुटलो. पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या राहिलो. पायाखालची वाळू सरकायला लागली की आक्का माझा दंड धरून ओरडायची, "अगं, कोण वढून राह्यलं पाय!"

निघायच्या आदल्या दिवशी अमावस्या होती. मास्तर म्हणाले, "आज उधाण येणार. आवसेला आणि पुनवेला पाणी लई वर चढतं." खरंच चढलं. आम्ही वाडीच्या कुंपणाशी उभं राहून पाहत होतो. पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलं. सकाळी गेलो तर किनारा एकदम साफ. पोरांनी केलेले खड्डे, बैलगाडीच्या चाकोऱ्या, आमच्या बसायच्या जागा, काहीच उरलं नव्हतं.

"सारवून काढल्यावानी झालंय," आक्का म्हणाली. बराच वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "घरी गेल्यावर हे सगळं जाईल न्हाई का? परत तीच मी."

"एखादं व्रत धरायचं का?" मी विचारलं.

"व्रत नको. व्रत नवऱ्यासाठी, लेकरांसाठी. अन् चुकलं की पाप लागतं. एक करू. दर आवस सरली की एकमेकीला सांगायचं, ह्या महिन्यात मनात काय हाय. बारकंच. आपल्यापुरतं. झालं तर झालं, न्हाई झालं तर पुढच्या महिन्यात दुसरं."

"मंग तुमचं सांगा."

"जेवण झाल्यावर थोडा वेळ बसायचं. काही न करता. तुझं?"

मी विचार केला. "एक भाकर गरम खायची. तव्यावरची."

सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईसाठी हे किती मोठं मागणं आहे, ते आक्काला सांगावं लागलं नाही.

घरी आलो आणि आक्का पहिल्याच दुपारी लिंबाखालच्या बाजेवर जाऊन बसली. हात मांडीवर. सासूबाई धावत आल्या. "काय झालं? टाके दुखून राह्यले का?"

"न्हाई. बसले."

"बसले म्हंजे?"

"म्हंजे बसले."

सासूबाईंना काही कळेना. गल्लीतल्या दोन बायका चौकशीला येऊन गेल्या. एकीनं तर लिंबू उतरवून टाकलं. पण महिनाभर आक्का रोज बसली, आणि महिना संपेपर्यंत लोकांनी विचारायचं सोडून दिलं होतं. माझ्या गरम भाकरीची तिनंच सोय केली. पुरुषांची ताटं झाली की ती चुलीपुढं बसायची आणि मला म्हणायची, "बस. ताट घे." मग पुढच्या महिन्यापासून मी तिला वाढायला लागले. ते पुढं मनात धरावंच लागलं नाही, तसंच चालू राहिलं.

प्रत्येक महिन्याला जमलं असं नाही. कापसाच्या दिवसांत तर आम्ही रानातून आलो की उभ्याउभ्या झोपायचो. आवस सरून चार दिवस झाल्यावर एकीला आठवायचं. "ह्या महिन्याचं राह्यलं गं," आक्का म्हणायची, आणि मी म्हणायचे, "राहू द्या." त्या दोन शब्दांत किती सुटका होती. एरवी आमच्या आयुष्यात चुकलेल्याला माफी नव्हती.

एका उन्हाळ्यात आक्का म्हणाली, "मला हॉटेलात बसून चहा प्यायचाय."

आमचं गाव हायवेवरचं. ट्रक थांबायचे, चहाची दुकानं होती, पण तिथं गावातली बाई बसलेली कुणी पाहिली नव्हती. तिथून बायका फक्त एसटी धरायच्या. आम्ही बाजाराच्या दिवशी पिशव्या घेऊन निघालो आणि एका हॉटेलात शिरलो. मालक म्हातारे चाचा होते, आमच्या सासऱ्यांना ओळखणारे. ते गडबडून उठले.

"क्या हुआ भाभी? गाडी चुकली का? कुणाला बोलवू?"

"न्हाई चाचा," आक्का म्हणाली. "चहा पाहिजे. दोन."

चाचांनी एकदा आमच्याकडं पाहिलं. मग खांद्यावरच्या फडक्यानं टेबल पुसलं, आतल्या बाजूचा पंखा लावला आणि आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, "दो चाय, जल्दी! कप धुऊन दे बराबर." आम्ही बशीत न ओतता, फुंकून फुंकून चहा प्यायलो. बाहेरून ट्रक जात होते. मी पदर सारखा पुढं ओढत होते आणि आक्का मात्र भिंतीवरच्या देखाव्याच्या कॅलेंडरकडं बघत बसली होती, जशी रोजच येत असावी.

बातमी आमच्याआधी घरी पोचली. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. आम्ही पिशव्या खाली ठेवल्या आणि उभ्या राहिलो.

"चाचाच्या हॉटेलात बसल्ता म्हणे."

"हो," आक्का म्हणाली.

"चहा कसा होता?"

"गोड होता लई. पण आलं घातल्तं."

सासूबाईंनी एका पिशवीत डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग मला का न्हाई नेलं?"

त्यानंतर महिन्याचं मनातलं सांगणाऱ्या आम्ही तिघी झालो. सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात जाहीर केलं की त्या सुनांना उगाच टोकणार नाहीत. दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी आमटी खारट झाली आणि त्यांचं तोंड सुटलंच. पण त्या स्वतःच हसल्या, आणि त्यांना हसताना पाहणं हे त्या महिन्याचं आमचं तिघींचं मिळून मनातलं झालं.

माझं सगळ्यात मोठं मनातलं म्हणजे सायकल. माझ्या मुलाची होती, मोठी दांडीची नव्हे, बारकी. मी तिशी ओलांडलेली. कॅनॉलच्या कडेचा मुरमाचा रस्ता दुपारी मोकळा असायचा. आक्का मागून कॅरिअर धरून पळायची आणि ओरडायची, "पुढं बघ! माझ्याकडं काय बघती?" मी बाभळीत गेले, एकदा गव्हाच्या रानात गेले, कोपर सोलून निघालं. महिना सरला, येईना. पुढच्या महिन्यातही मी तेच धरलं. नवऱ्याला कळलं तेव्हा मला वाटलं आता बंद होणार. तो दुसऱ्या दिवशी कॅनॉलवर आला, पाना काढून त्यानं सीट खाली केली आणि रानात निघून गेला. पाय जमिनीला टेकायला लागल्यावर भीती गेली. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा वळणापर्यंत एकटी गेले. मागं वळून पाहिलं तर आक्का कधीचीच हात सोडून, कमरेवर हात ठेवून उभी होती, धापा टाकत.

नंतर सासूबाई गेल्या. दोन हजार सालानंतर आम्ही मुलांच्या शिक्षणासाठी जालन्याला राहायला आलो आणि आक्का गावीच राहिली. निघताना तिनं रडारड केली नाही. गाठोड्यात शेवया बांधून दिल्या. मला वाटलं आता आमचं हे संपलं.

तर आवस सरल्यावर दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांकडं माझ्यासाठी फोन आला. आक्का चाचांच्या हॉटेलशेजारच्या एसटीडीवरून बोलत होती, आणि फोनवर बोलायचं म्हणून नेहमीपेक्षा दुप्पट मोठ्यानं.

"ऐकू येऊन राह्यलं का? सांग, ह्या महिन्याचं काय?"

मी म्हणाले, नवीन गल्लीत कुणीच ओळखीचं नाही, म्हणून रोज एका तरी बाईशी बोलायचं ठरवलंय.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "माझं ऐक. सुनंला सांगितलं, मला गाणं म्हणायचंय, तू तोंड दाबून हसू नको. तर ती म्हणाली, मलाबी शिकवा." मागून हसण्याचा आवाज आला, म्हणजे सून शेजारीच उभी होती. "थांब, तिचंबी काहीतरी हाय मनात, ती लाजून राह्यली. घे गं, तूच सांग तुझ्या काकीला."

थोडी झटापट झाली आणि मग एक कोवळा, घाबरलेला आवाज म्हणाला, "काकी, मी बोलून राह्यले."

"बोल," मी म्हणाले, आणि शेजारणीच्या खुर्चीवर नीट टेकून बसले.