रत्नमालानं ट्रकचं दार लावून घेतलं

रत्नमाला साळवेनं अकरा वर्षं गारखेड्यातल्या मुलांच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटल्या. सकाळी दीडशे, संध्याकाळी दीडशे. हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे डाग. मेसच्या 'छोटा हत्ती' टेम्पोचा ड्रायव्हर एक दिवस न सांगता निघून गेला आणि शहागंजातून भाजी आणायला कुणी उरलं नाही. तिचा नवरा सोमनाथ वाळूजला कंपनीत कामाला. त्यानं सुटीच्या दिवशी छावणीकडच्या मोकळ्या मैदानावर तिला गाडी शिकवली. तिनं लायसन काढलं. पुढची तीन वर्षं ती सकाळी आधी भाजी आणायची, मग पोळपाटाला बसायची. अख्ख्या दिवसात तो गाडीवरचा तासभरच तिला आपला वाटायचा.

म्हणून शहरातल्या एका प्रशिक्षण केंद्राची जाहिरात दिसली, तेव्हा तिनं मेस सोडली. चार महिन्यांचे दोन कोर्स होते, दोन्ही फुकट. एक ट्रक चालवण्याचा, दुसरा हॉटेलातल्या स्वयंपाकाचा. तिनं अर्जात 'जड वाहन' लिहिलं आणि सही केली.

आठ दिवसांनी भिंतीवर यादी लागली. तिचं नाव स्वयंपाकात.

केंद्राचे व्यवस्थापक अप्पाराव चहा पीत होते. रत्नमाला म्हणाली, "साहेब, माझा अर्ज दाखवा."

अर्ज निघाला. 'जड वाहन' खोडलेलं, वर दुसऱ्याच शाईनं 'स्वयंपाक'. खाली सही मात्र तिचीच.

"ही खोड कुणाची?"

"ताई, बायांना तिकडं कशाला पाठवायचं? तुमच्या हाताला चव हाय. चार महिन्यांत सर्टिफिकेट घ्या अन् मोकळ्या व्हा. तुमच्या भल्याचंच केलं."

"माझं भलं मला इचारून करायचं व्हतं."

अप्पाराव हसले. जागा भरल्या, म्हणाले. तिचं डोकं सणसणलं. पण मेस सुटली होती आणि घरी बसून राहिलं तर यादीतलं नावही जाणार होतं. ती स्वयंपाकाच्या वर्गात जाऊन बसली. तिथं ऋतुराज नावाचा चोवीस वर्षांचा शिक्षक तिला कांदा कसा चिरायचा ते दाखवू लागला. "मावशी, सुरी अशी धरायची." त्याचा एक कांदा होईपर्यंत तिचे पाच झाले. पोराचा दोष नव्हता, हे तिला कळत होतं. तरी त्या सुरीकडं बघून तिचे दात आवळले जायचे. खिडकीतून अंगणातला ट्रक दिसायचा. पोरं आळीपाळीनं चढायची, गिअर करकरायचा, आणि इथं ती कोथिंबीर निवडत बसायची.

महिना झाला. केंद्राला पैसा देणाऱ्या संस्थेच्या एक मोठ्या बाई मुंबईहून पाहणीला येणार होत्या. अप्पाराव धावतच वर्गात आले. "रत्नमालाताई, जरा चला. ट्रकमधी बसायचं. फोटो काढायचाय."

"मी तर स्वयंपाकात हाय ना?"

"फोटोपुरतं हो! अहवालात महिला ड्रायव्हर दाखवावी लागती."

 तिनं हात पुसले, अंगणात गेली, ट्रकवर चढली. फोटोवाला म्हणाला, "ताई, हसा." तिनं दार आतून लावून घेतलं, काच वर केली आणि हॉर्नवर तळहात दाबून धरला.

सगळं केंद्र बाहेर आलं. अप्पाराव दारावर थापा मारत होते. "उतरा! तमाशा करू नका!" तिनं हात काढला नाही. पाहणीच्या बाई फाटकातून आत आल्या, तेव्हाही हॉर्न चालूच होता. त्या खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या तेव्हा तिनं काच उतरवली.

"मॅडम, माझा अर्ज मागवा. यांनी माझं लिहिलेलं खोडलं. शिकवायला ट्रक नाय, अन् फोटोला ट्रक? हे असलं बसणं मला नको."

बाईंनी अर्ज मागवला. दोन शाया बघितल्या. अप्पारावांकडं बघून एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून यांना ड्रायव्हिंगला घ्या." अप्पारावांना कुणी काही केलं नाही. ते आजही त्याच खुर्चीत आहेत.

ट्रक शिकवणारे मोतीरामकाका तीस वर्षं रस्त्यावर काढलेले. ते पोरांना पंधरा मिनिटं द्यायचे, रत्नमालाला पाच. चौथ्या दिवशी तिनं अडवलंच.

"काका, मला कमी का?"

"पोरगी, ते चुकले तर चुकले. तू चुकलीस तर लोक मला इचारतील, हिला बसवली कुणी?"

"मग मला जास्त शिकवा की! कमी शिकवून चूक टळती व्हय?"

 दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्यानं तिला अर्धा तास दिला, आणि शिव्याही पोरांइतक्याच दिल्या. आरटीओची परीक्षा ती पहिल्या फेरीत पास झाली.

त्यानंतर नोकरीसाठी सहा ठिकाणी गेली. एकानं सांगितलं, बायांसाठी संडास नाही. दुसऱ्यानं, नवऱ्याची चिठ्ठी आणा. तिसऱ्यानं तिचं लायसन उलटसुलट करून विचारलं, "कँटीनमध्ये जागा हाय. भाजी करता येती ना?" तिनं लायसन त्याच्या हातातून ओढून घेतलं. रिक्षासाठीही ती थांबली नाही, उन्हात चालत घरी आली. सोमनाथ म्हणाला, "जाऊ दे." ती त्याच्यावरच कडाडली, "जाऊ दे म्हणूनच हे असं चाललंय!" तो पुन्हा ते शब्द बोलला नाही.

शेवटी काम दिलं पाण्याच्या टँकरवाल्यानं. त्याला ड्रायव्हर मिळत नव्हते, म्हणून. शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, टँकर थांबवून चालत नाही.

गारखेड्यात आता तिचा टँकर रोज येतो. अजूनही गल्लीत वळला की चार-पाच माणसं आपसूक गोळा होतात. एरवी कुठल्या ड्रायव्हरसाठी हलत नाहीत. "ताई, डावीकडं! हळू! थांबा, थांबा!" सगळे हात हलवत असतात. रत्नमाला कुणाकडं बघत नाही. काच वर करते, रिव्हर्स टाकते आणि दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून टँकर सरळ आत घालते.