तीन वाजायच्या आत

असम्प्टा लॅव्हेल आमच्या गावात टपाल वाटते. वय त्रेपन्न. घराणं मच्छीमारांचं, पण पोहायला शिकलेली ती पहिलीच, तेही एकेचाळिसाव्या वर्षी, शहरातल्या तलावात शाळकरी पोरांच्या रांगेत उभं राहून. म्हातारा शेजारी मॅलकी पॅडन आयुष्यभर समुद्रावर गेला, पण पोहायला शिकला नाही. म्हणायचा, "पोहता येणारा उशिरा बुडतो, एवढंच!"

भूशिराच्या मागे खडकांवर फुटणारी एक लाट तिने अकरा वर्षं टपालाच्या गाडीतून पाहिली होती. वादळ सरून वारा पूर्वेचा झाला आणि ओहोटी दिवसाउजेडी आली, तरच ती लाट नीट उभी राहते. जानेवारीतल्या एका मंगळवारी सगळं जुळलं. फळी घेऊन त्या लाटेवर सर्फिंग करायला असम्प्टाने रजा टाकली.

समुद्रात एकट्याने जायचं तर परतायची वेळ किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून जायची, हा इथला नियम. वेळ टळली की बचाव बोट निघते.

"तीन म्हणजे तीन," मॅलकी म्हणाला. "पुढच्या मिनिटाला फोन लावणार."

"पाच मिनिटं तरी दे की, खडूसा!"

"त्या बोटीवर तुझाच भाऊ असतो, बाई. असल्या खवळलेल्या समुद्रात धाडू त्याला?"

असम्प्टा फळी उचलून निघाली.

पहिल्या दोन लाटा अंगावर येताना पाहूनच तिने सोडून दिल्या. तिसरीवर ती उभी राहिली, तोच फळीचं टोक पाण्यात घुसलं. लाटेने तिला खाली दाबून धरलं. वर येऊन ती फळीवर चढली. घड्याळात दोन पस्तीस. ती पुन्हा हात मारत जागेवर गेली. दोन पंचेचाळीस. समुद्र सपाट.

अजून थांबलं तर लाट मिळेल, पण तीन टळतील.

मागून एक फुटकी, नुसत्या फेसाची लाट आली. असम्प्टा नवशिक्यांसारखी पोटावर पडूनच तिच्यावरून किनाऱ्याला लागली. तेवढ्यात पाठीमागे गडगडाट झाला.

दोन अठ्ठावन्न. मॅलकी फोन हातात धरून उभा होता.

"मागे बघितलंस? दिवसातली सगळ्यात मोठी गेली!"

"ऐकली."

"आणि तू आलीस सीलसारखी पोटावर!"

"हसून घे. गुरुवारी दुसरं वादळ येतंय. शुक्रवारी ओहोटी सव्वाचारला. पाच वाजता येते म्हणून धर."

"या दिवसांत पाचला अंधार होतो. साडेचार."

"पावणेपाच."

"साडेचार म्हटलं ना!"

"बरं, साडेचार," ती म्हणाली. "मग मला पाण्यात जरा लवकर उतरावं लागेल."