लिसा

अक्षदा माझी धाकटी बहीण. बारावीनंतर, २००८ साली, इंग्रजी शिकायला ती शहापूरच्या सायबर कॅफेत जाऊ लागली. तिथे इंटरनेटवर एक वेगळंच जग होतं. त्यात आपली बाहुली बनवायची, तिला फिरवायचं आणि हेडफोन लावून परदेशी लोकांच्या बाहुल्यांशी इंग्रजीत बोलायचं.

आधी तिने स्वतःसारखी सावळी, वेणीवाली बाहुली केली. तिच्याशी बोलायला कुणी थांबेना. मग सोनेरी केसांची, गोरीपान केली आणि नाव ठेवलं लिसा. लगेच सगळे भोवती जमले. वाक्यं तीच अडखळती, पण आता मेले हसून समजावून सांगत होते! तिच्याकडून हे ऐकून माझं डोकंच फिरलं. अक्षदा मात्र खूश. थोड्याच दिवसांत फाडफाड बोलायला लागली.

पण फक्त तिथेच. वाशिंदच्या कारखान्यात मुलाखतीला गेली, तर साहेबांसमोर तोंडातून शब्द फुटेना. त्यानंतर घरात हाक मारली तरी ती वळून बघेनाशी झाली.

हिवाळ्यात आम्ही म्हसा गावच्या जत्रेला गेलो. आमच्याकडच्या पोरी तिथे हातावर आपलं नाव गोंदवून घेतात. आई आणि मी बांगड्या बघत होतो, तोवर अक्षदा एकटीच गोंदवायला बसली. आम्ही मागून आलो, तेव्हा गोंदणारी तिच्या हातावरचं रक्त पुसत होती.

"अक्षदा, झालं का गो?" आईने विचारलं.

ती वळली नाही. आईने पुन्हा हाक मारली. तरी नाही.

मी वाकून तिच्या हातावरची हिरवी अक्षरं वाचली. "लिसा?"

ती लगेच वळली आणि गोड हसली.